समुद्रतळाचा गाळ कसा वाचायचा: जुना पाऊस आणि जुना किनारा शोधायची रीत

आपल्या हवामान खात्याची सुरुवात १८७५ ची, आणि मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राची पातळी मोजायला लागले ते १८७८ पासून. म्हणजे आकड्यात लिहिलेला पाऊस आणि आकड्यात लिहिलेला समुद्र दोन्ही जेमतेम दीडशे वर्षांचे. त्याच्या आधीचं विचारायचं असेल तर समुद्राच्या तळाशी जावं लागतं, कारण नदीतून आलेली माती, वाऱ्याने आणलेली धूळ, पाण्यात मेलेल्या बारीक जिवांची कवचं, सगळं तिथे थरावर थर बसत जातं आणि वरचा थर नवा खालचा जुना एवढा साधा नियम असतो. हा गाळ वाचायचा कसा ते इथे पायरीपायरीने सांगतो. जिऑलॉजीचे विद्यार्थी असाल तर उपयोगी पडेलच, पण नुसती आवड असेल तरी पूर्ण वाचा, शेवटी घरी करून बघण्यासारखंही आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की धरा. समुद्राची पातळी आणि पाऊस हे दोघं त्याच गाळात, बऱ्याचदा त्याच कवचात आपापली खूण सोडतात. त्यामुळे एकाचं वाचताना दुसऱ्याचा हिशोब वजा केला नाही तर निष्कर्ष चुकतो, आणि तो चुकलाय हे पटकन कळतही नाही. गाळ वाचायची सगळी कला म्हणजे ही वजाबाकी.

सगळ्यात पहिला प्रश्न विचारायचा तो म्हणजे गाळ कुठला आहे. लोक थेट ग्राफ बघतात, नकाशा बघत नाहीत, आणि तिथेच फसतात. मान्सून आपल्याला एक वाटतो पण अरबी समुद्राच्या दोन काठांवर तो दोन वेगळ्या लिपीत लिहितो. तिकडे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा किनाऱ्याला समांतर जोरात वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं थंड, खतासारखं पौष्टिक पाणी वर येतं. त्या थंड पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉयडिस नावाचा फोरॅम माजतो. फोरॅम म्हणजे फोरॅमिनिफेरा, एका पेशीचा जीव, बहुतेकांचं कवच चुन्याचं, आकार रव्याच्या कणाएवढा किंवा त्याहून बारीक. तर ओमानच्या गाळात बुलॉयडिस वाढला की समजायचं वारा जोरात होता. लक्षात घ्या, वारा, पाऊस नाही.

आपल्या बाजूला तेच ढग सह्याद्रीला अडतात, पाऊस कोसळतो, आणि सावित्री, वाशिष्ठी, मांडवी, काळी अशा नद्या ते गोडं पाणी समुद्रात आणून सोडतात. इथल्या गाळात पावसाची खूण म्हणजे किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारटपणा किती कमी झाला ती, आणि नदीने कुठली माती आणली ती. बंगालच्या उपसागरात तर गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, उपखंडाचा मोठा भाग आपलं पाणी ओततो, त्यामुळे तिथला गाळ फार मोठ्या प्रदेशाच्या पावसाची बेरीज सांगतो. ओमानचा कोअर, म्हणजे नळीने काढलेला गाळाचा दंडगोल, बघून कोल्हापुरात पाऊस किती होता हे छातीठोकपणे सांगणारा कोणी भेटला तर त्याला हे विचारा की बाबा तू वारा मोजलास का पाऊस.

जागेइतकीच खोलीही बघायची. साधारण २१,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ, ज्याला शेल्फ म्हणतात, तो जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे त्या काळात मुंबईहून चालत निघालात तर किनारा गाठायला कित्येक दिवस लागले असते. केरळसमोर शेल्फ एकदम अरुंद, तिथे किनारा फार सरकला नाही. तर शेल्फवरचा गाळ हा किनाऱ्याच्या ये-जाचा साक्षीदार, आणि शेल्फच्या पलीकडे उतारावर, जिथे कायमच पाणी होतं, तिथला गाळ न तुटता जमा झालेला, म्हणून पावसाच्या लांबलचक नोंदीसाठी उतारावरचा कोअर घ्यायचा.

कोअर काढायची पद्धत थोडक्यात सांगतो. जहाजावरून एक लांब पोकळ लोखंडी नळी, वर वजन, आत प्लॅस्टिकचा पाइप, असं सगळं तारेवर खाली सोडतात, नळी स्वतःच्या वजनाने गाळात घुसते आणि आत गाळाचा दंडगोल अडकतो. याला ग्रॅव्हिटी कोअरर म्हणतात, काही मीटर गाळ मिळतो. आत दट्ट्या असलेला पिस्टन कोअरर त्याहून लांब कोअर काढतो. अडचण अशी की नळी आदळते तेव्हा सगळ्यात वरचा मऊ गाळ उडून जातो, म्हणजे नेमकी गेल्या शे-दोनशे वर्षांची पानं फाटतात, म्हणून त्याच जागी बॉक्स कोअर किंवा मल्टिकोअर वेगळा घेतात. आपल्याकडे गोव्यातली दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे, आणि गवेषणी, सागर कन्या, सिंधु साधना या जहाजांनी अरबी समुद्रात हे काम केलेलं आहे. फार खोल जायचं तर ड्रिलिंगचं जहाज लागतं. जॉयडिस रिझोल्यूशन हे जहाज २०१५ मधे आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून लांब लक्ष्मी बेसिन या समुद्रतळाच्या खोलगट भागात आलं होतं आणि तिथे एका ठिकाणी समुद्रतळाखाली हजार मीटरपेक्षा जास्त भोक पाडलं.

आता कोअर टेबलावर आला, पाइप उभा चिरला, दोन अर्धे झाले. एक अर्धा जपून ठेवायचा, दुसऱ्यावर काम. इथे घाई करू नका. मी पहिल्यांदा कोअर उघडताना बघितला तेव्हा वरचे दोनेक सेंटिमीटर तपकिरी, लोण्यासारखे मऊ, त्याखाली हिरवट-करडा रंग, आणि वास, सडक्या अंड्याचा, थोडाच पण ओळखू येण्यासारखा. तो वास गंधकाचा, म्हणजे या खोलीवर ऑक्सिजन कमी होता. आणि हवा लागली की रंग डोळ्यादेखत बदलायला लागतो, हिरवट भाग तासाभरात मळकट होतो. म्हणून फोटो आधी, रंगाच्या पट्टीशी ताडून रंग लिहायचा तो आधी, वास लिहायचा तोही आधी, मग बाकी सगळं. नंतर लाख रुपयांचं मशीन लावलंत तरी तो पहिला रंग परत येत नाही.

डोळ्याने बघताना दोन गोष्टी शोधायच्या. एक, थर सरळ रेघांसारखे बारीक दिसतात का सगळं ढवळलेलं आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १२०० मीटर खोलीवर ऑक्सिजन इतका कमी असतो की तळाशी किडे-अळ्या फारसे जगत नाहीत, मग गाळ ढवळला जात नाही आणि रेघा तशाच राहतात. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर अशा रेघा इतक्या सुंदर आहेत की काही भागात वर्षाला एक जोडी मोजता येते. आणि जेव्हा उन्हाळी मान्सून दुबळा होता, त्या काळातला गाळ तिथे ढवळलेला सापडतो, कारण वारा कमी, तर समुद्रात उपज कमी, तर कुजायला माल कमी, तर ऑक्सिजन शिल्लक, तर किडे जिवंत. एवढी साखळी नुसत्या रेघा आहेत की नाहीत यावरून उलगडते, मला हे आजही फार भारी वाटतं.

दुसरी गोष्ट, कुठे तरी अचानक जाड वाळू, खाली धारदार कड, आणि वर जाताना हळूहळू बारीक होत गेलेला थर दिसला तर थांबा. ती उतारावरून घसरून आलेली माती आहे, काही तासांत येऊन पडलेली, तिला हजार वर्षांचा थर समजून मोजलंत तर सगळं वेळापत्रक बिघडेल. अशा थरांची जाडी हिशोबातून काढून टाकायची. लक्ष्मी बेसिनमधेच एक प्रचंड घसरण सापडली आहे, सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीची, नटराज स्लाइड म्हणतात तिला, शेकडो मीटर जाडीचा माल एकदम येऊन पडलेला.

मग वय. अलीकडच्या ५०,००० वर्षांपर्यंत कार्बन-१४, म्हणजे ठराविक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, चालतो, त्याच्यासाठी थोडे मिलिग्रॅम फोरॅमची कवचं पुरतात. पण समुद्रातलं पाणी स्वतःच जुनं असतं, जिवंत फोरॅमचं वयसुद्धा सरासरी ४०० वर्षं निघतं आणि जिथे खालचं पाणी वर येतं तिथे त्याहून जास्त, ती दुरुस्ती करायलाच हवी. वरच्या शंभरेक वर्षांसाठी शिसं-२१० वापरतात, त्याचं अर्धं आयुष्य २२ वर्षांचं. समजा ५० सेंटिमीटरवर ५,००० वर्षं आणि १५० सेंटिमीटरवर १५,००० वर्षं वय आलं, तर १० सेंटिमीटरला १,००० वर्षं, म्हणजे १ सेंटिमीटरचा नमुना घेतलात तर त्यात १०० वर्षं एकत्र आली. त्यात किड्यांनी वरचे ५ ते १० सेंटिमीटर ढवळलेले असतात ते वेगळंच. म्हणून अशा कोअरमधे १९७२ चा दुष्काळ शोधायला जाऊ नका, तो दिसणार नाही, तिथे शतकांचे चढउतार दिसतात. एकेका वर्षाचं बघायचं तर रेघावाला गाळ पाहिजे.

वयाबद्दल एक अनुभव सांगतो. दुसरीकडून आलेल्या एका कोअरच्या तुकड्यावर वरची बाजू दाखवणारा बाण उलटा काढलेला होता, आम्हाला ते माहीत नाही, आम्ही आठवडे घालवून नमुने काढले, धुतले, मोजले, आणि कार्बन-१४ आलं तेव्हा वरचं वय जास्त आणि खालचं कमी. त्या दिवशी लॅबमधे कोणाला जेवण गेलं नाही. तेव्हापासून माझा नियम, पाइपवर बाण, टोकाच्या झाकणावर अक्षर, आणि वहीत चित्र, तीन ठिकाणी वरची बाजू लिहायची. आणि सगळे नमुने काढायच्या आधी दोन टोकांची दोन वयं काढून घ्यायची, पैसे जातात पण आठवडे वाचतात.

धुणं आणि वेचणं हा सगळ्यात चिकाटीचा भाग. गाळ पाण्यात रात्रभर भिजवा, मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हळूवार धारेखाली धुवा. चिकणमाती निघून जाते, चाळणीवर वाळू आणि कवचं राहतात, ती मंद आचेवर नाही, ओव्हनमधे ५० अंशाच्या आसपास वाळवायची. मग मायक्रोस्कोपखाली काळ्या ट्रेवर पसरा, सगळ्यात बारीक नंबरचा ब्रश पाण्यात टेकवा, ओल्या टोकाला कवच चिकटतं, उचलून स्लाइडवर ठेवा. पहिल्यांदा सगळं फुटक्या साबुदाण्यासारखं दिसतं आणि वाटतं यातून काय कळणार. दोन दिवस बसलं की चेहरे वेगळे दिसायला लागतात. बुलॉयडिस म्हणजे चार फुगीर कप्पे, आणि शेवटच्या कप्प्याला मोठं, कमानीसारखं उघडं तोंड. रूबर हा दुसरा फोरॅम म्हणजे शेवटच्या फेरीत तीन कप्पे आणि वरती दोन छोटी जादा भोकं, कधी पांढरा कधी गुलाबीसर. बुलॉयडिसची टक्केवारी काढायची तर १५० मायक्रॉनच्या वरचे किमान ३०० फोरॅम तरी मोजा, त्याहून कमी मोजलेत तर टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. आणि आकार सारखा निवडा, लहान-मोठं मिसळलं की रसायनाचे आकडेही मिसळतात.

आता मुख्य वजाबाकी. पाण्यात ऑक्सिजन दोन वजनांचा असतो, हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८. वाफ होताना हलकं पाणी जास्त जातं. हिमयुगात ते हलकं पाणी बर्फ होऊन कॅनडा आणि उत्तर युरोपच्या जमिनीवर साठून राहिलं, समुद्राकडे परत आलंच नाही, म्हणून समुद्र जड झाला आणि त्यात वाढलेलं कवचही जड. १९५५ मधे चेझारे एमिलियानी यांनी कवचातला हा चढउतार मुख्यतः तापमानाचा मानला होता, पण १९६७ मधे निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं की त्यातला मोठा वाटा बर्फाचा, म्हणजेच समुद्राच्या पातळीचा आहे. आणि आपल्याकडे तिसरा वाटेकरी आहे, मान्सून. पावसाचं पाणीही हलकं असतं, नद्यांनी ते भरपूर आणलं की किनाऱ्याजवळचं कवच हलकं होतं.

म्हणजे हलकं कवच दिसलं तर कारणं तीन, बर्फ वितळला, पाणी तापलं, किंवा पाऊस वाढला. वेगळी कशी करायची? बर्फाचा वाटा जगभर सारखा असतो, हिमयुगाच्या शिखराला तो जड-हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणात दर हजारी साधारण १ एवढा धरतात, आणि हा आकडा तपासला गेलाय तो गाळाच्या कणांमधे अडकून राहिलेलं हिमयुगातलं पाणीच मोजून. तापमानासाठी त्याच कवचातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण बघतात, पाणी एक अंशाने गरम झालं की ते प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. आणि एक अंश गार म्हणजे ऑक्सिजन दर हजारी ०.२ च्या आसपास जड. आता समजा कारवारसमोरच्या एका कोअरमधे हिमयुगातलं रूबर आजच्यापेक्षा दर हजारी १.९ ने जड निघालं. त्यातून बर्फाचा १ वजा केला, राहिले ०.९. मॅग्नेशियम सांगतं पाणी अडीच अंश गार होतं, म्हणजे ०.५ गेले. उरले ०.४. हा उरलेला तुकडा पाण्याच्या खारटपणाचा, म्हणजे नद्यांचं गोडं पाणी कमी, म्हणजे पाऊस कमी. बघा, १.९ मधला पावसाचा वाटा फक्त ०.४. पूर्ण १.९ पावसाच्या खात्यावर टाकला असता तर काय झालं असतं? आणि प्रत्येक वजाबाकीत चूक साठत जाते, म्हणून उरलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना चुकीची मर्यादा दाखवल्याशिवाय तो कोणाला देऊ नये, माझं तरी हे ठाम मत आहे.

समुद्राच्या पातळीचा दुसरा पुरावा जास्त हाताला लागणारा आहे. आपल्या बाहेरच्या शेल्फवर, जिथे आज पाण्याची खोली ६० ते १०० मीटर आहे, तिथे चिखल नाही, पांढरी चुन्याची वाळू आहे, आणि त्यात ऊइड सापडतात. ऊइड म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्यासारखे गोल गुळगुळीत चुन्याचे गोळे, कापून बघितलं तर आत कांद्यासारखे पापुद्रे. हे तयार होतात ते अगदी उथळ, काही मीटर खोलीच्या, गरम आणि लाटांनी हलणाऱ्या पाण्यात. म्हणजे ते जिथे सापडतात तिथे कधीतरी किनारा होता. सौराष्ट्र-मुंबईसमोर असाच एक चुनखडीचा सपाट पट्टा आहे, त्याचं नावच फिफ्टी फॅदम फ्लॅट, ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. गोव्याच्या संशोधकांनी अशा ऊइडची, शिंपल्यांची, बुडालेल्या लाकडांची वयं एकत्र लावून १९९५ मधे पश्चिम किनाऱ्याचा आलेख मांडला. त्यात १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली, मग चढ, मधे एक थांबा, परत १०,००० नंतर वेगाने चढ, आणि साधारण ७,००० वर्षांपूर्वीपासून आजच्या पातळीच्या आसपास वरखाली.

तर प्रत्येक खुणेला चार प्रश्न विचारा. ही वस्तू काय आहे, ती किती उंचीच्या किंवा खोलीच्या पट्ट्यात तयार होते, आज कुठे आहे, वय काय. तिवराचं लाकूड म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं, ऊइड म्हणजे काही मीटरांतलं, पण सुटा शिंपला लाटेने कुठेही वाहून जातो, तो एकटा साक्षीदार म्हणून घेऊ नका. आणि पाचवा प्रश्न, जमीन हलली का. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना, १८८० च्या जरा आधी, चिखलाखाली बुडालेलं जंगलच सापडलं, खैराची झाडं, कित्येक मुळासकट उभी. ऐकल्यावर पहिलं मनात येतं समुद्र चढला. पण जमीन खचली तरी झाड तसंच बुडतं. एका जागेवरून हे सुटत नाही, लांब लांबच्या जागांची वयं जुळली तरच समुद्राला जबाबदार धरायचं.

आणि आता ती जागा जिथे पाऊस आणि समुद्र खरोखर एकमेकात गुंततात. बाहेरच्या शेल्फवर ती पांढरी वाळू झाली कारण तेव्हा पाणी स्वच्छ होतं, नद्यांचा गढूळ गाळ तिथवर पोचत नव्हता. १९८० मधे नायर आणि हाशिमी या संशोधकांनी यावरून पाऊस कमी असल्याचा अंदाज मांडला होता. विचार पटण्यासारखा आहे. पण दुसरी शक्यताही डोक्यात ठेवा, समुद्र चढत असताना नद्यांची तोंडं बुडून खाड्या होतात आणि सगळा चिखल त्या खाड्यांतच अडकतो, पाऊस भरपूर असला तरी. आजही आपला चिखल बहुतेक ५०-६० मीटर खोलीच्या आतच राहतो, भर जुलैमधे वाशिष्ठी लाल होऊन वाहत असली तरी. त्यामुळे गाळ कमी आला म्हणून लगेच दुष्काळ लिहू नका, त्याच काळाचा उतारावरचा कोअर शोधा आणि कवचातला ऑक्सिजन काय म्हणतो ते ताडून बघा.

पावसाच्या बाकीच्या खुणांपैकी मला सगळ्यात जवळची वाटते ती मातीची जात. दख्खनच्या काळ्या कातळातून स्मेक्टाइट ही फुगणारी चिकणमाती तयार होते, तीच जी मराठवाड्यात उन्हाळ्यात भेगा पाडते. हिमालयातून सिंधूने आणलेल्या मातीत इलाइट जास्त, आणि दक्षिणेकडच्या जुन्या खडकांवरून जास्त पावसात केओलिनाइट. क्ष-किरणांच्या मशीनवर ही ओळखता येतात, त्यामुळे कुठली नदी कधी जोरात होती ते कळतं. गोदावरीच्या मुखासमोरचा एक कोअर तर आपण सगळ्यांनी माहिती करून घ्यावा असा आहे, कारण त्यात नाशिकपासून नांदेडपर्यंतची माती आहे. त्यात झाडांच्या पानांवरचं मेण मोजलं. झाडं-झुडपं आणि कोरड्या प्रदेशातलं गवत यांच्या मेणातला कार्बन वेगळा असतो. २०१२ मधे छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की साधारण ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेची वनस्पती वाढत गेली आणि १,७०० वर्षांपूर्वी आणखी एक पायरी वर गेली. त्याच भागातल्या नंतरच्या कामात काळ्या मातीची धूप वाढलेली दिसते, आणि इथे फक्त पाऊस नाही, नांगरही आहे. पाऊस कमी होत असताना माती जास्त वाहून गेली, कारण झाडी गेली. गाळ जास्त म्हणजे पाऊस जास्त हे समीकरण इथे उलटं पडतं.

तुमच्या कोअरचा आलेख तयार झाला की तो माहीत असलेल्या मोठ्या घटनांशी जुळतो का बघा. १४,५०० वर्षांच्या आसपास बर्फ भराभर वितळून समुद्र पाचशेपेक्षा कमी वर्षांत १५-२० मीटर चढला होता. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक गार पडला आणि इकडे मान्सून दुबळा झाला. ओमानच्या कोअरमधे तर गेल्या १०,००० वर्षांतही अटलांटिक गार तेव्हा बुलॉयडिस कमी असं दिसलं, अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ते २००३ मधे मांडलं. ११,००० वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ यायची ती उत्तरेच्या उन्हाळ्यात, आता येते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणून तेव्हा आशिया जास्त तापायचा आणि मान्सून जोरदार होता, नंतर हळूहळू उतरला. या घटना तुमच्या कोअरमधे अजिबात दिसल्या नाहीत तर नवा शोध लागला असं समजायच्या आधी वयं परत तपासा. आणि महानदीसमोरच्या कोअरवरून २०२१ मधे नऊ लाख वर्षांचा पाऊस मांडला गेलाय, त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला आणि बर्फ कमी झाला की पाऊस वाढलेला दिसतो. आज आपण काय करतोय ते बघता हे वाचून मला काळजी वाटते.

स्वतःचा कोअर नसेल तरी अडत नाही. जगभरातल्या कोअरचे आकडे पॅन्जिया आणि नोआ (अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था) यांच्या इंटरनेटवरच्या साठ्यात फुकट मिळतात, खोली, वय, ऑक्सिजन, बुलॉयडिस टक्के, सगळं एक्सेलमधे उघडतं. हिंद महासागरातले ड्रिलिंगचे कोअर कोचीला ठेवलेत, केरळातलं नाही, जपानमधलं कोची. ओमानचा एक आणि आपल्या बाजूचा एक असे दोन डेटा घ्या, वयाच्या अक्षावर एकाखाली एक काढा, आणि जिथे दोघं जुळत नाहीत तिथेच जास्त वेळ बसा.

आणि घरी करायचं तर असं करा. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी जा, ओल्या वाळूवर लाटेने पांढरट बारीक रेघ काढलेली असते, तिथली वरची अर्धा सेंटिमीटर माती चमच्याने खरवडून डबीत घ्या, दुसऱ्या डबीत तिवरांच्या मुळापाशी भरतीचं पाणी जिथवर येतं तिथला चिखल. दोन्ही वेगवेगळे घट्ट विणीच्या मलमलीत बांधून बादलीत हलवत धुवा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. सावलीत वाळवा, काळ्या कागदावर पसरा, वीसपट दाखवणारं भिंग पुरतं. पहिल्या डबीत चुन्याची चकचकीत, गोगलगायीसारखी वळलेली कवचं दिसतील, अमोनिया (वायू नव्हे, हे फोरॅमचं नाव) आणि एल्फिडियम बहुतेक, नशीब असेल तर मिलिमीटरभर मोठं रोटॅलिडियमही. तिवराच्या डबीत मात्र मळकट, वाळूचे कण चिकटवून बांधलेली कवचं जास्त असतील, कारण तिथल्या आंबट चिखलात चुना टिकत नाही. ही दोन वस्ती एकमेकींपासून काही मीटर उंचीच्या फरकाने राहतात. खोल कोअरमधे तिवरवाली कवचं सापडली की भरतीची रेघ तिथे होती हे म्हणतात ते याच फरकावरून. डबीवर तारीख, गाव, भरती-ओहोटीची वेळ, आणि पाण्याच्या कडेपासून किती पावलांवर घेतलं ते त्याच वेळी पेन्सिलने लिहा, शाई ओली झाली की पुसते.